मधल्या सुट्टीत कोण असतं?

पहिली ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. त्याआधी तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय जाहीरपणे काढला होता, त्याची ही परिणती. या आदेशावरून मावळातल्या पवनानगरच्या एका घरात पेटलेला वाद मी ऐकला आणि तो झोपेवरून कुठच्या कुठे गेला. वाद घालणारे मामा-भाची. मामा जिल्हा परिषदेचे निवृत्त मुख्याध्यापक. तुंग आणि तिकोना किल्ल्यांच्या पायथ्याच्या वस्त्यांवर त्यांची सारी नोकरी झाली. भाची लोणावळ्याच्या बाजूच्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवते. ती स्वतः ख्रिस्ती नाही, माळकरी घरातली आहे. नावं छापू नका, असं दोघांनीही बजावलं, म्हणून नात्यानेच ओळख करून देतो. शाळाही बिननावाचीच राहील. मामांच्या एक-दोन शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.

मामा : वेलबीइंग वीक झाला म्हणे तुमच्याकडे. पोरांना डोळे मिटून श्वास घ्यायला शिकवलंत. अगं, इथून तुमच्याकडे येणारं पोर साडेपाचला उठतं, सव्वासहाला व्हॅनमध्ये कोंबलं जातं आणि कामशेत येईपर्यंत शेजारच्याच्या खांद्यावर लाळ गाळत झोपतं. त्याला डोळे मिटायला वेगळं शिकवावं लागतं होय?

भाची : खालचे वर्ग नऊला नेले आम्ही, मामा. पण व्हॅन एकच. वरच्या वर्गांची मुलं सातला पोचवायची असतात, मग तीच व्हॅन धाकट्यांनाही घेऊन निघते. दोन फेऱ्या व्हॅनकाकांना परवडत नाहीत. म्हणजे आदेश पाळूनही दुसरीची मुलं पावणेसातला फाटकात हजर.

मामा : बघ. कागदावर नऊ, अंगणात पावणेसात. सरकारी कामाला नावं ठेवता आणि तुमचं काय वेगळं?

भाची : वेगळं पुढे झालं. आमच्या सिस्टरनी त्या मुलांसाठी वाचनालय उघडं ठेवलं. सतरंज्या टाकल्या. झोपायचंय त्यानं झोपावं, चित्रं काढायचीत त्यानं काढावीत. अभ्यास घ्यायचा नाही, अशी शिक्षकांना सक्त ताकीद. एक मोठं माणूस मात्र तिथं बसलेलं हवं, मोबाइल न बघता. पाळी लावली. माझी पाळी सोमवार-गुरुवार. वर्षभर वर्गात मला जे कळलं नव्हतं ते त्या सतरंजीवर कळलं. सोमवारची मुलं म्हणजे काय ते कळलं.

मामा : सोमवारची मुलं?

भाची : पवना धरणाच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू लागतात ना शनिवार-रविवार. कुणाचे वडील तंबू लावतात, कुणाची आई पन्नास माणसांचा स्वयंपाक करते, कुणाचा काका बोट चालवतो. रात्री दोनपर्यंत गाणी वाजतात. मुलांनाही कामाला जुंपतात; पाण्याच्या बाटल्या पोचव, शेकोटीला लाकडं दे. पर्यटक दहा-वीस रुपये देतात, फोटो काढतात. ही मुलं सोमवारी वर्गात नुसती बसून असतात. मी आधी त्यांच्या डायरीत ‘लक्ष नाही’ असा रिमार्क लिहीत होते. आता सोमवारी पहिल्या तासाला गणित घेत नाही.

मामा यावर गप्प राहिले, कारण तंबूंचा धंदा त्यांच्या पुतण्याचाही आहे. भाचीने ही संधी साधून त्यांना डॉन बॉस्कोची गोष्ट सांगितली. ती मी इथे थोडी विस्ताराने देतो. लोणावळ्यातली डॉन बॉस्को आणि ऑक्झिलियम या दोन्ही शाळा त्याच परंपरेतल्या आहेत आणि मावळातल्या कितीतरी घरांनी ही नावं फक्त गणवेशाच्या खिशावर पाहिली आहेत.

जॉन बॉस्को १८१५ साली उत्तर इटलीत एका गरीब शेतकरी घरात जन्मला. दोन वर्षांचा असताना बाप गेला. पुढे तो पाद्री झाला आणि ट्युरिन शहरात आला. खेड्यांतून बांधकामावर आलेली पोरकी पोरं तिथे रस्तोरस्ती होती. ८ डिसेंबर १८४१ ला एका चर्चच्या मागच्या खोलीत थंडीपासून आडोशाला आलेल्या एका गवंडीकाम करणाऱ्या पोराला तिथल्या सेवकाने दांडक्याने झोडपून हाकललं, कारण त्याला पूजेत मदत करता येत नव्हती. बॉस्कोने त्याला परत बोलावून घेतलं. वाचता येतं का? नाही. लिहिता? नाही. मग शिट्टी तरी वाजवता येते का, असं विचारल्यावर पोरगा हसला, अशी आख्यायिका आहे. त्या हसण्यातून जे काम सुरू झालं त्याची पद्धत बॉस्कोने १८७७ मध्ये लिहून काढली. शिक्षेने पोराला वळण लावायचं नाही. चूक घडण्याआधीच मोठ्या माणसाने त्याच्या जवळ असायचं. विचार, धर्म आणि जिव्हाळा या तीन गोष्टींवर सगळी भिस्त. या पद्धतीत शिक्षकाची जागा फळ्यापाशी जितकी, तितकीच खेळाच्या मैदानात. १८७२ मध्ये मारिया माझारेल्लो यांच्यासह त्याने मुलींसाठी सिस्टरांचा संघ काढला. ऑक्झिलियम नाव धारण करणाऱ्या शाळा त्याच संघाच्या.

मामा : गोष्ट चांगली आहे. पण आमचे साने गुरुजी काय वेगळं करत होते? १९२४ ला अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात लागले, तिथलं वसतिगृह सांभाळलं. पोरांच्या अंथरुणांच्या घड्या घातल्या, खोल्या झाडल्या, आजारी पोरांची उस्तवार केली. त्याला कुणी ‘सिस्टीम’ म्हटलं नाही. पुस्तिका छापली नाही.

भाची : इथेच तर गोची आहे, मामा. साने गुरुजींनी १९३० ला नोकरी सोडली, सत्याग्रहात गेले, तुरुंगात गेले. पुढच्या वॉर्डननं घड्या घालाव्यात असं कुठे लिहिलेलं होतं? गुरुजी गेले की गुरुजींचं काम गेलं. आमच्याकडे सिस्टर बदलून जातात, नव्या येतात, सतरंजी तशीच राहते.

मामा : राहते? नेहमी?

भाची : नेहमी नाही. १८८४ साली बॉस्को म्हातारा झाला होता, रोममध्ये होता. तिथून त्यानं आपल्याच लोकांना एक पत्र धाडलं. तक्रार अशी की, आपल्या अंगणातला पूर्वीचा आनंद गेला. पोरं कोपऱ्यात कंटाळून उभी असतात आणि शिक्षक आपसांत बोलत फेऱ्या मारतात. कुणी पोरांमध्ये मिसळत नाही.

मामा : म्हणजे तुमच्या संताच्या डोळ्यांदेखतच ते मोडलं! आणि म्हणे सिस्टीम.

भाची : मोडलं हे त्यानं लिहून ठेवलं, म्हणून पुढच्यांना तपासता येतं. तुमच्या पंचायत समितीला कुठल्या केंद्रप्रमुखानं असं पत्र धाडलंय? तपासणीला येतात ते काय बघतात? पोषण आहाराची नोंदवही, यू-डायसची माहिती, मुलांच्या आधारची पडताळणी.

हा टोला बसला. मामांना तो बसणारच होता. नोकरीतली शेवटची वर्षं त्यांनी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून शाळेच्या छपरावर चढून माहिती भरण्यात काढली आहेत, हे मावळात अनेकांना ठाऊक आहे. पण त्यांनी विषय बदलला.

मामा : बरं, छडीचं बोल. आम्ही छडी मारली, नाकारत नाही. छडी खाल्लेली पोरं आज बँकेत आहेत, लष्करात आहेत, भेटली की पाया पडतात. तुमची लाडावलेली पोरं पाया सोडा, नमस्कार करत नाहीत.

भाची : भेटतात ती पाया पडतात. जी छडीच्या भीतीनं तिसरीतच शाळा सोडून गुरांमागं गेली, ती भेटायला येतात का? ती तुमच्या हिशेबात नाहीतच. आणि आता कायदा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं सतरावं कलम मारायलाही बंदी घालतं आणि मानसिक छळालाही. ‘ढ’ म्हणून सगळ्यांसमोर उभं करणंसुद्धा त्यात येतं.

मामा : त्यात डायरीतला तुमचा लाल रिमार्क येतो का ते बघ. छडी पाच मिनिटं दुखते. रिमार्क घरी जातो, बापाच्या सहीला. बाप तंबूवरून थकून आलेला. मग छडी कोण मारतो?

भाची : ...हो. तो मारतो.

मला वाटतं, एवढ्या एका मुद्द्यासाठी हा वाद छापण्याजोगा आहे. शाळेने हात उचलणं बंद केलं आणि चिठ्ठी घरी पाठवणं सुरू ठेवलं तर मुलाच्या वाट्याचा मार फक्त पत्ता बदलतो. भाचीच्या शाळेत आता दुसरीपर्यंत डायरीत तक्रार लिहायची नाही असं ठरलं आहे. काही सांगायचं असेल तर पालकाला बोलावून, मुलासमोर, मुलाचं एक चांगलं सांगून मगच सांगायचं. पालक दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून येतात, ही त्यातली अडचण. ती सुटलेली नाही.

पुढचा विषय डब्याचा. तोही भाचीनेच काढला आणि तिच्याच अंगावर आला.

भाची : गेल्या वर्षी एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत डब्याचं झाकण अर्धंच उघडायचा. एक हात आत घालून तुकडा काढायचा, तोंडात टाकायचा, झाकण परत बंद. मला वाटलं, कुणी ओढून खाईल म्हणून करतो. मग एकदा जवळ बसले. तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. शेजारी कुणाचं पास्ता, कुणाचं चीज सँडविच, बंगलेवाल्यांची मुलं. त्याला वासाची लाज वाटत होती. सिस्टर येऊन त्याच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, मला देशील का थोडी? त्यानं दिली. सिनेमात इथे सगळं बदलतं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी झाकण परत अर्धंच. सिस्टर रोज नाही, अधूनमधून बसत राहिल्या. चौथीतली एक मुलगी त्याची ‘ताई’ म्हणून नेमली होती, तीही बसू लागली. दिवाळीच्या सुट्टीनंतर कधीतरी झाकण पूर्ण उघडलं. नक्की कधी ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मामा : चांगलं केलंत. पण एक सांग. माझ्या शाळेत असं झाकण कधी कुणी झाकलं का? पातेलं एक, खिचडी एक, पंगत एक. पाटलाचं पोर, ठाकराचं पोर, कातकऱ्याचं पोर, सगळे त्याच ओळीत. तुमच्याकडे आधी वेगवेगळे डबे, मग त्या डब्यांनी झालेली जखम भरायला सिस्टर. आमच्याकडे जखमच नाही.

भाची : पंगत एक होती हे खरं. पातेल्यात काय होतं? नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबवले. लोकवर्गणीतून द्या म्हणाले. कातकऱ्याच्या पोराला आठवड्याचं ते एक अंडं म्हणजे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मामा : सांगायला नकोच. पण एक अंडं कमी असलेली पंगत मला तुमच्या पन्नास झाकणांपेक्षा जास्त पटते.

भाची : मलाही पटते. पण पंगतीनंतर काय? जेवण झालं की तुमचे शिक्षक कुठे असतात? पूर्वी तुम्ही गावात राहत होता. शिमग्याला, सप्ताहाला, मयतीला असायचात. आता शिक्षक तळेगावहून, वडगावहून मोटारसायकलवर येतात, पाऊस वाढला की लवकर निघतात. दोन शिक्षक, चार वर्ग. एक जण ऑनलाइन माहिती भरतोय, दुसरा दोन वर्ग एकत्र बसवून शिकवतोय. मैदानात कुणीच नाही.

मामा : पट कमी झाला की शाळाच जाते, हेही सांग की. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त. २०२३ ला सरकारनं सांगितलं, समूह शाळांचे प्रस्ताव द्या. आपल्याच जिल्ह्यात पानशेतला तशी शाळा झाली. आजूबाजूच्या छोट्या शाळा एकत्र आणल्या, पोरांना बस दिली. इमारत देखणी आहे, मी पाहून आलो. पण वस्तीवरची घंटा वाजायची बंद झाली म्हणजे वस्तीतून एक सरकारी माणूस कमी झाला, ज्याला कुणीही रात्री उठवू शकत होतं.

भाची : आणि ज्याला गावानं नंतर रात्री उठवायचं बंद केलं, कारण तो तिथे राहतच नव्हता.

इथे दोघांचंही खरं आहे. मला मामांच्या स्मृतीतली शाळा थोडी जास्तच उजळलेली वाटते आणि भाचीच्या शाळेचा हिशेब फाटकाशी संपतो असंही वाटतं. हे दुसरं मामांनी माझ्याआधी आणि माझ्याहून कडक शब्दांत मांडलं.

मामा : तुम्ही ‘स्कूल कम्युनिटी’ म्हणता, त्यात आहे कोण? ज्याला फी झेपते, व्हॅन झेपते तो. शिक्षणहक्क कायद्यात गरिबांच्या पोरांना पंचवीस टक्के जागा ठेवल्या. त्यातून तुम्ही सुटलात.

भाची : आम्ही सुटलो नाही, न्यायालयानं सोडलं. २०१२ च्या निकालात विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या, २०१४ च्या प्रमाती निकालात सगळ्याच अल्पसंख्याक शाळा. घटनेच्या तिसाव्या कलमाचा तो हक्क आहे. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी या २०१४ च्या निकालाबद्दल शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे द्यावा का, याचा विचार सरन्यायाधीशांनी करावा असं म्हटलं.

मामा : पीठ काय म्हणेल ते म्हणेल. कातकऱ्याचं पोर घ्यायला तुम्हाला कायद्यानं मनाई केलीय का?

भाची : नाही. चार मुलं आहेत आमच्याकडे ठाकर आणि कातकरी वस्तीवरची, फी माफ. त्यातली दोघं दिवाळीनंतर येत नाहीत. आई-वडील वीटभट्टीवर जातात, मुलं बरोबर जातात.

मामा : मग तुमचा वेलबीइंग भट्टीवर जातो का त्यांच्या मागे? ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला बालवाडी काढली. पुढे कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ बरोबर. वारल्यांची पोरं शाळेत येत नाहीत, गुरं राखतात, हे पाहिल्यावर त्यांनी पोरांना दोष दिला नाही. कुरणशाळा काढली. गुरं चरतात तिथे शाळा गेली. याला म्हणतात पोराच्या जवळ असणं. तुमचा बॉस्को मैदानापर्यंत आला, आमच्या ताराबाई कुरणापर्यंत गेल्या.

भाची : आणि ताराबाईंनी पद्धत कुणाची घेतली होती? मारिया माँटेसोरींची. ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेंझो वस्तीत, मजुरांच्या मुलांसाठी त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. त्याही इटलीच्या, त्याही कॅथलिक. गिजुभाई आणि ताराबाईंनी ती पद्धत भावनगरला आजमावली, मग ताराबाईंनी ती पालघरच्या मातीत आणली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं. बाहेरून आलेलं म्हणून टाकायचं ठरवलं असतं तर कुरणशाळा झाली नसती, मामा.

मामा : बाहेरून आलं म्हणून मी नाही म्हणत. फाटकाबाहेर येत नाही म्हणून म्हणतोय.

मध्येच प्रार्थनेचा विषय निघाला. मामांच्या वाडीतल्या काहींना वाटतं, मिशनच्या शाळेत पोरं ‘त्यांच्या’ देवाची होतात. भाचीचं उत्तर थोडक्यात असं : भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ साली आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सगळ्या धर्मांचा मान राखा, रोज संविधानाची प्रास्ताविका म्हणा, जमेल तिथे सर्वधर्मीय प्रार्थनेची खोली ठेवा. तिच्या घरी आषाढीला उपास असतो आणि शाळेत त्या दिवशी दुसरीची मुलं वारकऱ्यांच्या वेषात येतात. मामांनी यावर जास्त ताणलं नाही. त्यांची शंका देवाबद्दल नव्हतीच.

मामा : बरं, नाताळला तुम्ही वस्त्या-वस्त्यांवर खाऊची, कपड्यांची पुडकी वाटता. फोटो पाहिले मी. एक विचारतो. त्या फोटोत आपल्या लोकांना तुम्ही उभं कुठे करता? घेणाऱ्यांच्या रांगेत. समाज म्हणजे दान घ्यायला उभी राहिलेली माणसं नव्हेत. हे लोक पवना धरणाखाली जमिनी देऊन बसलेत. त्यांच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड उभं आहे. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, पर्यटक ते बघायला येतात. तुमच्या दुसरीतल्या पोरांना ठाऊक आहे का, त्या पाण्याखाली कुणाची शेतं आहेत?

भाची : नाही.

मामा : ९ ऑगस्ट २०११ ला, पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधात बऊरला पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर शेतकरी बसले. पोलिसांचा गोळीबार झाला, तिघं गेली. त्यानंतर कितीतरी घरांत माणसं आजही पोलिसांची गाडी दिसली की गप्प होतात. त्या घरातलं पोर तुझ्या वर्गात गप्प बसलं तर तू श्वास मोजायला सांगणार?

भाची : मामा, हे तुम्ही मला आज पहिल्यांदा सांगताय. मी इथलीच. मला तारीख माहीत होती. मुलाच्या गप्प बसण्याशी ती कधी जोडली नव्हती.

मामा : मग जोड. आणि पुडकी वाटण्यापेक्षा आषाढात पोरांना आवणीला आण. इंद्रायणी भाताच्या रोपांची मूठ हातात दे. सहलीला नव्हे, कामाला. एकमेकांच्या शेतात मदतीला जायची इर्जिक कशी असायची ते चिखलात उतरल्याशिवाय कळत नाही. तेव्हा वस्तीवरची म्हातारी तुझ्या बंगल्यातल्या पोराला शिकवील, आणि तुमचं पोर घेणाऱ्याच्या रांगेत उभं राहील. होऊ दे की एकदा उलटं.

भाची : तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यानंतर मुलं फाटकाबाहेर न्यायची म्हणजे लेखी संमती, बरोबर बाई माणूस, गाडीच्या चालकाची पोलीस पडताळणी. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायच्या सखी सावित्री समितीचा आदेश २०२२ चा, पण ती खऱ्या अर्थानं बसायला लागली बदलापूरनंतर. हे सगळं हवंच आहे, मी कटकट म्हणत नाही. पण पावसात बांधावर चाळीस मुलं आणि दोन शिक्षक, हे मी करणार नाही.

मामा : चाळीस आणू नको. दहा आण. आणि शिक्षक दोन कशाला, गावात आम्ही निवृत्त लोक काय करतोय? चौकात बसून राजकारण. संमतीच्या कागदावर आमच्या सह्या घे, आमचीही पडताळणी कर. मी येतो पहिल्यांदा.

भाची : सिस्टरना विचारते. आणि मला वस्तीवरच्या शाळेतली पोरंही त्याच बांधावर हवीत. आमची दहा, तुमची दहा. एका चिखलात.

मामा : आणि जेवण?

भाची : तुमच्या पातेल्यातलं. आमचे डबे आणायचे नाहीत.

इतपत जुळलं. बाकी मतभेद जागच्या जागी आहेत. मामांना अजूनही छडीबद्दल खंत नाही आणि भाचीला अजूनही वाटतं की जिल्हा परिषदेच्या शाळांचा प्रश्न आधी शिक्षकांच्या हातातले कागद काढून घेतल्याशिवाय सुटणार नाही. सरकारने शनिवार आनंददायी करायचा म्हणून २०२४ मध्ये स्वतंत्र उपक्रम काढला, पहिली ते आठवीसाठी. त्याचाही अहवाल पाठवावा लागतो, हे मामांनीच हसत सांगितलं.

माझा कौल भाचीच्या पद्धतीला आणि मामांच्या पंगतीला. मुलाजवळ, शिकवण्याचं काही काम नसताना, एक मोठं माणूस रोज असलं पाहिजे. हे ज्या शाळेने ठरवून, पाळी लावून, बदल्यांतूनही चालू ठेवलं, तिने मोठं काम केलं, मग ती कुणाचीही असो. पण ते काम फी भरणाऱ्यांपुरतं राहिलं तर त्याला समाज म्हणता येत नाही. लोणावळा-मावळातल्या मिशनच्या शाळांनी मोठ्या पीठाच्या निकालाची वाट न बघता वस्त्यांवरच्या मुलांसाठी जागा वाढवाव्यात आणि भट्टीवर गेलेल्या मुलाची बाकावरची जागा त्याच्या परतण्यापर्यंत राखून ठेवावी. पंचायत समितीने दोन शिक्षकी शाळांवरचं माहिती भरण्याचं काम केंद्रावर न्यावं, म्हणजे मधल्या सुट्टीत एक शिक्षक तरी अंगणात मोकळा सापडेल.

आणि पालकांनो, येत्या जूनसाठी शाळा बघायला जाल तेव्हा कार्यालयात फीचा तक्ता मागण्याआधी मधली सुट्टी होईपर्यंत फाटकापाशी थांबा. मैदानात मोठी माणसं किती आहेत, ती कुठे उभी आहेत आणि कुणाशी बोलताहेत, एवढं बघा. मग आत जा.